साथ आली, दुकानं रिकामी झाली: मुंबईत नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

भाचीला गेल्या महिन्यात कांदिवलीत भाड्याची खोली मिळाली. नोकरी नवी, शहर नवं, स्वयंपाकघरात चार भांडी आणि एक इंडक्शन. सामान लावता लावता तिने फोनवर विचारलं, "मावशी, २०२० च्या करोनासारखं पुन्हा झालं तर मी काय करू गं?" तासभर बोलूनही माझं सांगून संपेना, म्हणून हे लिहून काढलं. तुम्हीही असंच नव्याने बिऱ्हाड केलं असेल, तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी माझी फजिती सांगते. २४ मार्च २०२०, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण झालं, २१ दिवस सगळं बंद. भाषण संपायच्या आत लालबागचा आमचा रस्ता माणसांनी भरला. मीही पिशवी घेऊन जिना उतरले. वाण्याकडे पोचेपर्यंत पीठ गेलं होतं, तूरडाळ गेली होती, बटाट्याच्या गोणीत तळाला माती उरली होती. हाताला लागलं ते उचललं: तीन किलो साबुदाणा, खारीचे दोन पुडे आणि काडेपेट्यांचा एक पुडा. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता आणि मी उपासाची बेगमी करून घरी आले होते.

सासूबाईंनी साबुदाण्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. ७२ च्या दुष्काळात त्यांनी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापल्यात, महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चात समाजवादी नेत्या मृणाल गोऱ्यांच्या मागून चालल्यात, आणि १९८२ च्या गिरणी संपात सासरे घरी बसले तेव्हा चार पोरांचं घर चालवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "माल कुठे गेला नाही. आणणारा गेलाय. तो कोण ते बघ."

तेच खरं निघालं. नाशकात कांदा काढणीला आला होता, सरकारी गोदामांत गहू-तांदूळ भरलेला होता. आमच्यापर्यंत पोचत नव्हता, कारण मध्ये कुणीतरी घरात अडकला होता किंवा गावी चालत निघाला होता. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

१. कुठला दुवा तुटलाय ते ओळखा

"दुकानात नाही" म्हणजे "मुंबईत नाही" असं नसतं. एखादी वस्तू मिळेनाशी झाली की ती तुमच्या ताटात यायला कोणाकोणाचे हात लागतात ते मोजा.

पीठ. आमच्याकडे रेशनचा गहू होता, पण पीठ नव्हतं. कोपऱ्यावरची गिरणी बंद, कारण चक्कीवरचा माणूस गावी गेलेला. सगळे पाकिटातल्या पिठाच्या मागे लागले आणि ते आणखी दुर्मीळ झालं. तेव्हा गहू मिळत असेल तर घ्या. गिरणी बंद असली तरी मिक्सरच्या छोट्या भांड्यात वाटी-वाटीने गहू दळता येतो. एका दमात फार घालू नका, मोटर तापते. चाळणीवर उरलेल्या जाडसर कण्यांचा उपमा करा. नाहीतर गहू रात्रभर भिजवा, वाटा आणि धिरडी घाला. तांदळाचे घावनही तसेच होतात. चपातीचा हट्ट सोडला की अर्धी टंचाई सरते.

पाव. मुंबईत लादीपाव नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. भट्टीवरचे कारागीर परतेपर्यंत आमच्या गल्लीत पाव आला नाही, सायकलवरचा पाववाला नाही की त्याचा भोंगा नाही. त्याला पर्याय नाही. वाट बघायची.

भाजी आणि कांदा-बटाटा. मुंबईला येणारा बहुतेक माल वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून येतो. तिथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत आणि ते माथाडी कामगारांच्या पाठीवर चालतात. मे २०२० मध्ये तिथे रुग्ण वाढले म्हणून आठवडाभर बाजार बंद ठेवावा लागला. अशी बातमी आली की दुकानाकडे पळू नका. घरातले टिकाऊ जिन्नस त्या आठवड्यासाठीच असतात.

दूध. हे सगळ्यात शेवटी तुटतं. गोकुळ, वारणा, महानंद, अमूल, कुणाचा ना कुणाचा टँकर येतोच. आमच्याकडे दूध कधीच पुरतं थांबलं नाही. अडचण व्हायची ती पिशव्या घरपोच टाकणारा पोरगा नसल्याची. पहाटे साडेपाचला स्वतः खाली उतरलात तर दूध मिळतं, आठला उतरलात तर रिकामे क्रेट दिसतात.

आणि खानावळीवर किंवा डब्यावर जगणाऱ्यांनी नीट ऐका: सगळ्यात आधी बंद होतो तो तुमचा डबा. त्यामुळे खोलीत एक कुकर, एक तवा आणि एक शेगडी (इंडक्शन असेल तर त्यावर चालणारी भांडी) ही चैन समजू नका. भाचीला मी वरण-भात आणि पिठलं या दोन गोष्टी डोळे मिटून करता येईपर्यंत शिकवल्या.

२. एका पाकिटात एवढं ठेवा

- रेशन कार्ड आणि त्यात नावं असलेल्या सगळ्यांची आधार कार्डं, छायाप्रतींसह
- गॅसचं पुस्तक. त्यावरचा ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून
- भाडेकरार, निदान त्याची प्रत. नाक्यावर पोलिसांनी "राहता कुठे?" विचारलं की आधारवर गावचा पत्ता निघतो आणि पंचाईत होते
- नेहमीच्या गोळ्यांची डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी, आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये
- वाणी, दूधवाला, भाजीवाली, गॅस एजन्सी, औषधाचं दुकान, सोसायटीचे सेक्रेटरी, समोरच्या घरचे यांचे नंबर, कागदावर
- महापालिकेची मदतवाहिनी १९१६, रेशनच्या तक्रारीसाठी १९६७, ग्राहक तक्रारीसाठी १९१५
- दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा, मिळून पाचशे-हजार रुपयांच्या

भाडेकराराचं विशेष सांगते. जून २०२० च्या शेवटी पोलिसांनी खरेदीसाठी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा असं सांगितलं होतं. तेव्हा घर कुठे आहे हे दाखवता येणं उपयोगाचं होतं.

३. यादी महिन्याची करू नका, पंधरा दिवसांची करा

लोक दोन टोकं गाठतात. एक तर घरात मूठभर डाळही नसते, नाहीतर पलंगाखाली तांदळाच्या गोण्या. दहा बाय बाराच्या खोलीत गोणी ठेवायची तर झोपायचं कुठे? शिवाय तुम्ही उचललेली दुसरी गोणी खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी वाट्याची असते, हे त्या रात्रीच्या रांगेत मला फार उशिरा सुचलं.

चार माणसांच्या घराला, दोन्ही वेळ घरी जेवायचं तर पंधरा दिवसांना साधारण असं लागतं: पीठ ६-७ किलो (रोजच्या चौदा-पंधरा चपात्या धरून), तांदूळ ६ किलो, डाळी ३ किलो, कडधान्यं २ किलो, तेल २ लिटर, साखर दीड-दोन किलो, चहा पाव किलोला थोडा वरती, मीठ अर्धा किलो. एकट्या माणसाला पीठ दोन किलो, तांदूळ दीड किलो, डाळ-कडधान्यं मिळून सव्वा किलो, तेल अर्धा लिटर. हे माझ्या घरचं माप आहे. तुमच्याकडे भात जास्त खात असाल तर तांदूळ वाढवा, पीठ कमी करा.

एवढं घरात कायम असू द्या. अर्धं संपलं की भरा. टंचाई जाहीर झाल्यावर भरायला निघालात तर साबुदाणा मिळेल.

ज्याची आठवण यादी करताना होत नाही ते: हिंग-हळद-मोहरी, चिंच किंवा कोकम, बेसन, पोहे, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर. बेसन तर दोन किलो ठेवा. भाजी नसली तर पिठलं, सकाळी काही नसलं तर धिरडं, पाहुणा आला तर भजी. टंचाईत पाहुणा येत नाही म्हणा, पण शेजारचं पोर येतंच.

४. वाणी धरून ठेवा

हे माझं ठाम मत आहे, कुणाला जुनाट वाटलं तरी. त्या पहिल्या आठवड्यांत मोबाइलवरची घरपोच सामानाची ॲपं उघडली की "आज एकही वेळ उपलब्ध नाही" एवढंच दिसायचं. रात्री बारा वाजता जागून वेळ पकडणारे लोक मी पाहिलेत. वाण्याने मात्र फोनवर यादी घेतली, रात्री सामान बांधलं आणि "वहिनी, सकाळी सातला पोराला पाठवा" म्हणाला. तूर नव्हती, त्याने न विचारता मसूर टाकली. घरी सासूबाई आहेत हे माहीत म्हणून मऊ पोहे वेगळे बांधले. असला हिशोब ॲपला कळत नाही.

पण वाणी ऐन वेळी धरता येत नाही. आजपासून महिन्याचं थोडं तरी सामान कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या. नाव सांगा, इमारत सांगा, नंबर द्या. उधारी ठेवलीत तर पहिल्या तारखेला चुकती करा. संपाच्या काळात आमच्या घराला वर्षभर वाण्याच्या वहीने जगवलं, कारण आधीची दहा वर्षं वही दर महिन्याला कोरी होत होती.

यादी देताना प्रत्येक जिन्नसापुढे पर्याय लिहा: "तूर, नसेल तर मसूर किंवा मूग." ब्रँडचा आग्रह नको. एका वेळी दहा-बारा जिन्नस पुरेत, यादी लांबली तर त्यालाही शोधायला वेळ लागतो आणि मागची रांग ओरडते.

वेळेची खात्री रोज करा. एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी होती. अकराला पाच कमी असताना पोचलेल्याला शटरच दिसायचं.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर? पाकीटबंद वस्तूवर छापील किमतीच्या वर घेणं बेकायदा आहे. पावती मागा, पाकिटाचा फोटो काढा, १९१५ ला किंवा वैधमापन कार्यालयाकडे तक्रार करा. सुट्या डाळीचे भाव मात्र खरोखरच चढतात, कारण टेंपोवाला दुप्पट भाडं घेत असतो. तिथे वाण्याशी भांडून काही हाती लागत नाही.

५. रेशन: कार्डाचा रंग पाहून जा

पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन कार्डं. पांढऱ्यावर धान्य मिळत नाही. ते घेऊन रांगेत दोन तास उभे राहिलेले गृहस्थ मी पाहिलेत. केशरीतही दोन भाग आहेत: अन्नसुरक्षा योजनेत नाव असलेले आणि नसलेले. कार्डावर तसा शिक्का असतो, नसेल तर दुकानदाराला विचारा. योजनेतल्यांना माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे.

२०२० मध्ये एप्रिलपासून योजनेतल्यांना नेहमीच्या धान्यावर माणशी आणखी ५ किलो मोफत मिळालं. योजनेबाहेरच्या केशरीवाल्यांना राज्य सरकारने मे आणि जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला. म्हणजे संकटात नियम बदलतात आणि ते दुकानाच्या फळ्यावर लिहिलेले असतात. फळा वाचा, व्हॉट्सॲप वाचू नका.

गावाहून आलेल्यांसाठी महत्त्वाचं: तुमचं कार्ड साताऱ्याचं असो की बिहारचं, अन्नसुरक्षा योजनेतलं असेल आणि आधारशी जोडलेलं असेल, तर "एक देश, एक रेशन कार्ड" खाली मुंबईतल्या दुकानातून धान्य घेता येतं. तुमचा वाटा तुम्ही इथे घेतला तरी घरच्यांचा गावी राहतो. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर १९६७ ला फोन लावतो म्हणून सांगा. बहुतेकदा तिथेच चालायला लागतं.

सापळे तीन. ई-पॉस यंत्रावर म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो का ते आधीच करून बघा. यंत्राची पावती घ्या, तिच्यावर किती किलो लिहिलंय ते पिशवीशी ताडून बघा. आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य महिन्याच्या शेवटी ऐकायला लागलं तर वाटा बुडू शकतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांनी स्वस्त जेवणाचं सरकारी शिवभोजन केंद्र जवळपास चालू आहे का ते बघून ठेवावं. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. एरवी १० रुपयांची थाळी २०२० च्या टाळेबंदीत ५ रुपयांना मिळत होती. आमच्या चाळीतला एक पदवीधर मुलगा दोन आठवडे तिथेच जेवला, आणि ते सांगताना आधी लाजायचा. त्यात लाजायचं काय?

६. गॅस

पाइपचा गॅस असेल तर हा भाग सोडून द्या.

सिलिंडरवाल्यांनी लक्षात घ्या: सगळे दिवसभर घरी, तीनदा चहा, दोनदा स्वयंपाक. एरवी दीड महिना जाणारी टाकी आमच्याकडे तीस दिवसांत संपली. लोकांनी घाबरून भराभर नोंदणी केली, तेव्हा कंपन्यांनी दोन नोंदण्यांत १५ दिवसांचं अंतर सक्तीचं केलं. म्हणून टाकी लावली त्या दिवशीची तारीख खडूने टाकीवरच लिहा.

टाकी घेताना तीन गोष्टी बघा. सील शाबूत आहे का. वजन: आत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच कोरलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर यायला हवी. आणि कडीच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत आहे, उलटून गेली असेल तर परत करा.

भाड्याने एकटे राहत असाल तर ५ किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. महाग पडते, पण अडल्या वेळी तीच कामाला येते.

७. भाजी नसेल तेव्हा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी स्वयंपाकघर मुळात याचसाठी बांधलेलं आहे. आपल्या आज्यांना चार महिने पावसात हिरवी भाजी मिळत नसे, तेव्हा त्यांनी करून ठेवलेली उत्तरं आपण पाहुण्यांच्या ताटातली गंमत म्हणून खातो.

पहिली फळी कडधान्यांची. मटकी, मूग, चवळी, कडवे वाल. आलटून पालटून भिजवा. आज मूग भिजवले तर उद्या फडक्यात बांधायचे, परवा उसळ. मुंबईच्या दमट हवेत मोड लवकर येतात, पण उन्हाळ्यात आंबूसही होतात, तेव्हा फडकं दिवसातून एकदा धुऊन घ्या. वालाला एक दिवस जास्त लागतो आणि सोलायला घरातली सगळी माणसं. टाळेबंदीत माणसं होतीच.

दुसरी फळी टिकाऊ भाज्यांची. लाल भोपळा, कोहळा, सुरण न कापता महिनाभर आरामात राहतात. कापलात की दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर शेजारी निम्मा द्या. उन्हाळी कांदा पातळ पसरून वारा लागेल असा ठेवला तर पावसाळ्यापर्यंत जातो. बटाटे अंधारात, कांद्यापासून लांब. दोन्ही एका टोपलीत ठेवले की बटाट्याला मोड फुटतात. ही चूक जवळजवळ प्रत्येक नव्या घरात दिसते.

तिसरी फळी वाळवणांची. टाळेबंदी नेमकी एप्रिल-मेमध्ये आली, म्हणजे सांडगे-कुरडयांच्या हंगामात. गच्चीला कुलूप होतं, तर आम्ही गॅलरीत पाट आणि त्यांवर साड्या टाकून सांडगे घातले. सांडग्याची आमटी भाताबरोबर भाजी आणि वरण दोन्हींचं काम करते. टोमॅटो नसेल तर कोकम, चिंच, नाहीतर कैरीची फोड. मालवणी घरात कुळथाची पिठी असतेच, नसेल तर आणून ठेवा. दहा मिनिटांत पिठी-भात. आजारी माणसाला मेतकूट-भात.

खाणाऱ्यांसाठी सुकी मासळी: जवळा, सोडे, सुके बोंबील. कोळणींकडून कडक वाळलेली बघून घ्या. हाताला ओलसर लागली तर नको, पावसाळ्यात तिला वास मारतो आणि मग वरच्या मजल्यावरच्यांचा निरोप येतो. घरी आणल्यावर पुन्हा एकदा ऊन दाखवा, हवाबंद डब्यात घाला. कांद्यावर परतलेला मूठभर जवळा चौघांचं जेवण पार पाडतो.

फ्रिजवर फार भिस्त ठेवू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. ज्यांनी महिन्याची मासळी गोठवून ठेवली होती त्यांनी त्या दिवशी इमारतभर कालवण वाटलं.

भाजी मिळाली की साध्या पाण्याने दोनदा धुवा, कोरडी करा, बस. २०२० मध्ये मी कोबी भांड्याच्या साबणाने धुतला होता. चव अजून आठवते.

८. साठवताना मुंबईची हवा विसरू नका

देशावर वर्षाचा गहू कोठीत भरतात. त्यांची नक्कल इथे करू नका. जूनला पाऊस लागला की हवा ओली होते आणि रव्याला जाळी, तांदळाला टोके, डाळीला पोरकिडे. माझा पाच किलो रवा जुलैत टाकावा लागला, आणि टाकताना सासूबाई घरात नाहीत याची मी खात्री करून घेतली होती.

रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून थंड झाल्यावर भरा. शेंगदाणेही. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवून ठेवतात, शिजवण्यापूर्वी गरम पाण्याने धुवावी लागते. तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा तमालपत्रं घाला. बोरिक पावडर बरेच जण लावतात, पण घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन नको. डबे भरताना हात, चमचा, डबा तिन्ही कोरडे. नवीन माल जुन्यावर ओतू नका. जुना काढा, डबा पुसा, नवा तळाला, जुना वर.

९. इमारत सील झाली, किंवा सगळ्यांनी मिळून मागवायचं ठरलं

मार्च २०२० च्या अखेरीला वरळी कोळीवाडा बंद झाला आणि मग एकेक गल्ली, एकेक इमारत. आमच्याकडे बांबू लागले तेव्हा खाली उतरायची सोयच राहिली नाही. कामाला आली ती जुनी टोपली आणि दोरी. गॅलरीतून सोडायची, खालच्या पोराने दूध घालायचं, वर ओढायची.

सील झाल्यावर पहिल्याच दिवशी हे करा. मजल्यामागे एक माणूस ठरवा. त्याने आपल्या मजल्याची यादी गोळा करायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आधी. सगळ्या याद्या मिळून एकच यादी वाण्याला. तुमच्या विभागाचं पालिका कार्यालय (लालबाग-परळचं एफ-दक्षिण, वरळीचं जी-दक्षिण, दादरचं जी-उत्तर) कुठलं ते माहीत करून घ्या आणि १९१६ वर नोंद करा.

इमारतीने थेट शेतकऱ्याकडून भाजीच्या टोपल्या मागवल्या तर ताजी आणि स्वस्त पडते. आम्ही दर शनिवारी मागवत होतो. पण एकदा फसलो. कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीने टेंपोवाला मिळाला, त्याने चाळीस घरांचे पैसे आगाऊ घेतले आणि फोन बंद केला. त्यानंतर आमचा नियम ठरला: टोपली खाली उतरली की पैसे. आगाऊ मागणाऱ्याला रामराम.

मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांनी एवढं पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. "परतावा देतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा चोर असतो.

आणि "उद्यापासून दूध बंद", "उद्यापासून बँका बंद" असे निरोप आले की पुढे पाठवण्याआधी दूधवाल्याला फोन करा. त्याला नक्की माहीत असतं.

१०. किराण्यात न बसणारं

रक्तदाब, साखर, थायरॉइड यांच्या गोळ्या निदान एक महिन्याच्या पुढे असू द्या, जास्त नको, मुदत बघा.

सॅनिटरी पॅड. पहिल्या दिवसांत अत्यावश्यक वस्तूंत हे धरायचे की नाही यावरच गोंधळ होता. २९ मार्च २०२० ला केंद्राने खुलासा केला, की साबण, टूथपेस्ट, पॅड, लहान मुलांचे डायपर, बॅटरी सेल हे सगळं किराण्यातच येतं. घरात दोन महिन्यांचे ठेवा. बाजारात नसले तर दुकानातल्या पोराला पुन्हा पुन्हा विचारायला लागणं मुलींना नको असतं.

सॅनिटायझर आणि मास्कचे तेव्हा कसेही भाव लावले. मग सरकारने २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपये अशी मर्यादा घातली. नाव-पत्ता नसलेल्या बाटल्या घेऊ नका. साधा साबण बरा, आणि तो संपत नाही.

११. टंचाई उठल्यावर

सगळं सुरळीत झालं की डबे एकदा रिकामे करा, उन्हात ठेवा, जे उरलंय ते आधी संपवा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख घाला.

तो तीन किलो साबुदाणा? खिचडी करून करून घर कंटाळलं, तेव्हा सासूबाईंनी मे महिन्यात उरलेला शिजवून गॅलरीत पापड्या घातल्या. अर्ध्या मजल्यावर वाटल्या. एक डबा राहिला होता, त्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "पाडवा, २०२०. उपासाला नव्हे."